लेगोचा सेट घ्यायचा, न उघडता ठेवायचा आणि महाग विकायचा : हे गणित नेमकं काय आहे?

रील बघता बघता एखाद्या दिवशी असा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. एक खोली, भिंतीला लागून लोखंडी रॅक आणि रॅकवर पार छतापर्यंत लेगोचे बॉक्स. त्यातला एकही उघडलेला नाही. व्हिडिओतला माणूस सांगतो, "हे माझं रिटायरमेंट प्लॅनिंग आहे." खाली कॅप्शन असतं, 'लेगोने सोन्यालाही मागं टाकलं!'

कमेंटमध्ये निम्मे लोक हसतात आणि उरलेले 'भावा, लिंक दे' म्हणतात.

आता गंमत अशी की हा दावा पूर्णपणे हवेतला नाही. लेगोचे बंद बॉक्स विकून पैसे कमावणारे लोक अमेरिकेत आणि युरोपात खरोखरच आहेत. त्यावर विद्यापीठात अभ्यासही झालाय. पण तीस सेकंदांच्या रीलमध्ये बसत नाहीत अशा काही गोष्टी या धंद्यात आहेत आणि पैसे बुडतात ते त्याच गोष्टींमुळे. त्यामुळे लिंक मागण्याआधी हे सगळं प्रकरण सुरुवातीपासून समजून घेऊ.

प्लास्टिकच्या ठोकळ्यांना एवढी किंमत का?

डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचं गाव आहे. तिथल्या ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये हा धंदा सुरू केला. सुरुवातीला लाकडी खेळणी बनायची. पुढं डॅनिश भाषेतल्या 'लेग गोट', म्हणजे 'छान खेळा', या दोन शब्दांवरून कंपनीला लेगो हे नाव मिळालं. आज आपण जो ठोकळा ओळखतो, त्याच्या रचनेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ ला दाखल झालं.

ही तारीख महत्त्वाची आहे, कारण १९५८ च्या रचनेचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही बसतो. मोबाईलचा चार्जर चार वर्षांत बदलतो, पण लेगोचा ठोकळा साठ वर्षांनंतरही चालतो. त्यामुळे जुना लेगो सहसा भंगारात जात नाही. सेट उघडलेला असला तरी त्यातले सुटे ठोकळे आणि छोटे पुतळे, ज्यांना मिनीफिगर म्हणतात, ते वेगवेगळे विकले जातात. ब्रिकलिंक या वेबसाईटवर हाच बाजार चालतो. २००० मध्ये एका चाहत्याने सुरू केलेली ही वेबसाईट २०१९ मध्ये खुद्द लेगो कंपनीनेच विकत घेतली.

दुसरं कारण ग्राहकांमध्ये आहे. लहानपणी लेगो खेळलेली पिढी आता कमावती झाली आहे. तेव्हा आईबाबांनी घेऊन न दिलेला सेट आज स्वतःच्या पैशांनी घ्यायचा असतो, पण तो दुकानात मिळत नाही. मग ज्याच्याकडे बंद बॉक्स आहे तो सांगेल ती किंमत.

सेट 'रिटायर' होतो म्हणजे काय?

लेगो एखादा सेट कायम बनवत नाही. साधारण दीड-दोन वर्षं सेट बाजारात राहतो, मग त्याचं उत्पादन थांबतं. यालाच सेट रिटायर झाला असं म्हणतात. दुकानातला उरलेला माल संपला की तो फक्त आधी घेऊन ठेवलेल्यांकडेच मिळतो.

सगळा धंदा या एका क्षणावर उभा आहे. सेट चालू असताना घ्यायचा, रिटायर झाल्यावर थांबायचं आणि मागणी वाढली की विकायचा.

पण 'साधारण दीड-दोन वर्षं' यातला 'साधारण' हा शब्द फसवा आहे. २०१७ मध्ये लेगोने स्टार वॉर्समधलं मिलेनियम फाल्कन हे यान ७,५४१ तुकड्यांच्या सेटमध्ये आणलं. किंमत ७९९.९९ डॉलर. रिटायर झाल्यावर विकू म्हणून अनेकांनी एकापेक्षा जास्त बॉक्स घेऊन ठेवले. तो सेट सात वर्षांनंतरही नवाकोरा मिळत होता. दुकानात मिळणारी वस्तू तुमच्याकडून जास्त पैसे देऊन कोण घेणार? तोपर्यंत पैसा आणि जागा दोन्ही अडकून पडलेलं.

सोन्यापेक्षा जास्त परतावा, हे खरं आहे का?

रीलमधल्या दाव्याचं मूळ एका संशोधनात आहे. रशियातल्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या विद्यापीठातल्या व्हिक्टोरिया डोब्रिन्स्काया आणि युलिया किशिलोवा यांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३२२ सेटच्या किमती तपासल्या. त्यांच्या हिशेबाप्रमाणे बंद सेटची किंमत दरवर्षी सरासरी किमान ११ टक्क्यांनी वाढली. महागाई वजा केली तर ८ टक्के. त्या काळातल्या सोन्यापेक्षा, रोख्यांपेक्षा आणि मोठ्या कंपन्यांच्या शेअरपेक्षा हा परतावा जास्त निघाला.

रील इथंच संपतं. अभ्यास मात्र पुढंही आहे.

त्याच अभ्यासात वेगवेगळ्या सेटचा वार्षिक परतावा उणे ५० टक्क्यांपासून ६०० टक्क्यांपर्यंत पसरलेला होता. म्हणजे काही सेटनी लोकांना मालामाल केलं आणि काहींनी निम्मे पैसे घालवले. सरासरी काढली की दोन्ही दिसेनासे होतात. त्यात भाववाढ सुरू व्हायला रिटायर झाल्यानंतरही दोन-तीन वर्षं लागतात, असंही त्यात दिसलं. आणि हे आकडे २०१५ पर्यंतचे आहेत. तेव्हा बंद बॉक्स साठवणारे लोक कमी होते. आज तीच युक्ती लाखो लोकांनी रीलमध्ये पाहिली आहे. एकाच सेटचे हजारो बॉक्स कपाटात पडून असतील, तर ती वस्तू दुर्मिळ राहत नाही.

ताजमहालाची गोष्ट

या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका समजून घ्यायचा तर आपल्या ताजमहालाचंच उदाहरण घेऊ.

२००८ मध्ये लेगोने ताजमहालाचा सेट आणला. नंबर १०१८९, तुकडे ५,९२२ आणि अमेरिकेतली किंमत २९९.९९ डॉलर. तुकड्यांच्या संख्येत तो तेव्हा लेगोचा सगळ्यात मोठा सेट होता आणि पुढं बरीच वर्षं तो मान त्याच्याकडेच राहिला. काही वर्षांनी तो रिटायर झाला आणि बंद बॉक्सची किंमत मूळ किमतीच्या कित्येक पट झाली. चाहत्यांमध्ये हा सेट म्हणजे जवळपास दंतकथा होती. ज्यांच्याकडे दोन-तीन बॉक्स होते, ते स्वतःला शहाणे समजत होते आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही.

मग नोव्हेंबर २०१७ उजाडला. लेगोने तोच ताजमहाल पुन्हा बाजारात आणला. नंबर नवा, १०२५६. तुकडे ५,९२३, म्हणजे आधीपेक्षा फक्त एक जास्त. किंमत ३६९.९९ डॉलर.

आता विचार करा. आदल्या दिवशीपर्यंत जो बॉक्स हजारो डॉलरला विकला जात होता, तसाच सेट चारशे डॉलरच्या आत दुकानात मिळायला लागला. जुन्या बॉक्सचा भाव घसरला. उशिरा, चढ्या भावाने विकत घेऊन आणखी वाढेल म्हणून थांबलेल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. २०२१ मध्ये २,०२२ तुकड्यांचा लहान ताजमहालही आला. म्हणजे ज्याला कपाटावर फक्त एक ताजमहाल हवा होता, त्यालाही स्वस्त पर्याय मिळाला.

त्याच वर्षी, २०१७ मध्येच, मिलेनियम फाल्कनचंही हेच झालं. २००७ च्या जुन्या मोठ्या फाल्कनची किंमत गगनाला भिडली होती आणि वर सांगितलेल्या नव्या फाल्कनने ती खाली आणली.

सोनं कुणी कारखान्यात बनवू शकत नाही. लेगोचा साचा मात्र कंपनीकडेच असतो. तुमच्या कपाटातला बॉक्स दुर्मिळ राहायचा की नाही, हे बिलुंडमध्ये ठरतं आणि तिथं तुम्हाला कुणी विचारत नाही.

मग वाढतात तरी कोणते सेट?

हमी कशाचीच नाही. पण आजवरचा अनुभव आणि वरचा अभ्यास पाहिला तर काही गोष्टी दिसतात.

• अगदी मोठे आणि अगदी लहान सेट मधल्या आकाराच्या सेटपेक्षा जास्त वाढले. मोठे सेट महाग असल्याने कमी लोक घेऊन ठेवतात. लहान सेटमध्ये कधी कधी एखादी अशी मिनीफिगर असते जी दुसरीकडे कुठंच मिळत नाही.

• मोठ्या माणसांसाठी बनवलेल्या मालिका टिकतात. २००७ मध्ये 'कॅफे कॉर्नर' या २,०५६ तुकड्यांच्या सेटपासून एकमेकांना जोडता येणाऱ्या इमारतींची मालिका सुरू झाली. नवी इमारत घेणाऱ्याला आधीच्या इमारतीही हव्या असतात, त्यामुळे जुन्यांना गिऱ्हाईक मिळत राहतं.

• मुद्दाम कमी बनवलेल्या वस्तू. २०१३ मध्ये मिनीफिगरच्या बंद पाकिटांमध्ये 'मिस्टर गोल्ड' नावाची सोनेरी मिनीफिगर लपवली होती. जगभरात मिळून फक्त ५,०००. पाकीट काही डॉलरचं, पण आतली मिनीफिगर सापडली तर लॉटरी.

लहान मुलांसाठी दरवर्षी नव्याने येणाऱ्या पोलिसांच्या गाड्या, अग्निशमन दल असे सेट सहसा वाढत नाहीत. पुढच्या वर्षी तसाच नवा सेट येतो, मग जुना कोण शोधणार?

घ्यायचा कधी आणि कसा?

नफा विकताना दिसत असला तरी तो ठरतो खरेदीच्या वेळी. छापील किमतीला घेतलेला सेट आणि २५ टक्के सवलतीत घेतलेला सेट यांची सुरुवातच वेगळी असते. म्हणून मुरलेले लोक नवा सेट आल्याआल्या धावत नाहीत. तो दुकानात जुना होऊन सेलमध्ये येण्याची वाट बघतात. लेगोच्या वेबसाईटवर काही सेटवर 'लवकरच रिटायर' अशा अर्थाची खूण दिसते, तीही उपयोगी पडते. मात्र कंपनी एका ग्राहकाला एका सेटचे ठराविकच बॉक्स देते. घाऊक साठेबाजी तिला नको आहे.

घेताना बॉक्स हातात घेऊन बघा. कोपरे दबलेत का, सील नीट आहे का, किमतीचं स्टिकर वर चिकटवलंय का? स्टिकर ओरबाडून काढलं तर वरचा कागद फाटतो. संग्राहकाच्या नजरेतून हे सुटत नाही.

ऑनलाईन मागवत असाल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. बॉक्समधले ठोकळे काढून, तेवढ्याच वजनाचा कोरडा पास्ता भरून, बॉक्स दुकानात परत केल्याचे प्रकार अमेरिकेत घडले आहेत. हलवला तर आवाज जवळपास तसाच येतो!

ठेवायचा कसा?

इथं बरेच जण चुकतात. विकत घेताना आपण सेट घेतो, पण विकताना गिऱ्हाईक आधी बॉक्स बघतं. आतले ठोकळे ठणठणीत असले तरी बॉक्स चेपला असेल तर भाव पडतो. म्हणून प्लास्टिकपेक्षा पुठ्ठ्याची काळजी जास्त घ्यावी लागते.

ऊन : थेट उन्हाने बॉक्सचे रंग उडतात. उघड्या ठोकळ्यांवर ऊन पडलं तर पांढरे, निळे आणि करडे ठोकळे पिवळट होतात. खिडकीसमोरचा रॅक रीलमध्ये छान दिसतो, मालासाठी वाईट.

ओल : मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर हा तुमचा पहिला शत्रू. जून ते सप्टेंबर पुठ्ठा हवेतली ओल पितो, नरम पडतो, त्यावर बुरशी येते आणि आतल्या स्टिकरचा कागद वळतो. बॉक्स बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून उंच ठेवा. बाहेरून जाड खोकं आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पुड्या अधूनमधून बदलाव्या लागतात.

उष्णता : विदर्भ-मराठवाड्यात ओल कमी, पण पत्र्याखालचा पोटमाळा उन्हाळ्यात भट्टी होतो. उष्णतेने सीलची चिकटपट्टी सुटते. सील सुटलं की बॉक्स 'उघडलेला नाही' हे पटवणं अवघड.

वजन : बॉक्स एकावर एक रचत गेलं की खालचा चेपतो. मोठे जड खाली, हलके वर आणि थर कमी. जमलं तर पुस्तकांसारखे उभे ठेवा.

किडे आणि वास : वाळवी, झुरळं आणि उंदीर यांना पुठ्ठा आवडतो. डांबरगोळ्या ठेवल्या तर किडे जातील, पण वास बॉक्समध्ये बसेल. सिगारेटचा आणि फोडणीचा वासही तसाच बसतो. माल स्वयंपाकघराजवळ ठेवू नका.

आणि नोंद ठेवा. सेटचा नंबर, घेतल्याची तारीख, किंमत, बिलाचा फोटो. चार वर्षांनी कुणी 'हा खरा कशावरून?' विचारलं तर बिल हेच उत्तर.

एवढं करूनही काही गोष्टी हातात नसतात. काही वर्षांतले लालसर तपकिरी आणि गडद लाल ठोकळे ठिसूळ निघतात, दाबले की तडकतात. ही तक्रार चाहत्यांमध्ये जुनी आहे आणि बंद बॉक्सच्या आत काय चाललंय ते उघडल्याशिवाय कळत नाही.

विकल्यावर हातात किती उरतात?

एक साधं उदाहरण. आकडे समजण्यासाठी घेतलेत.

समजा, तुम्ही १०,००० रुपयांचा सेट घेतला आणि चार वर्षांनी १६,००० ला विकला. वर्षाला साधारण साडेबारा टक्के. भारी वाटतं.

आता विक्रीच्या वेबसाईटचं कमिशन १३ टक्के धरलं तर २,०८० रुपये गेले. नीट पॅकिंग आणि कुरिअरचे ९०० गेले. हातात राहिले १३,०२०. म्हणजे नफा ६,००० नाही, ३,०२०. वर्षाला पावणेसात टक्क्यांच्या आसपास. बँकेतल्या मुदत ठेवीतही साधारण एवढं मिळतं आणि तिला बुरशी लागत नाही.

यात जागेचं भाडं, तुमचा वेळ आणि कर धरलेला नाही. नफ्यासाठी सतत खरेदी-विक्री केली तर ते धंद्याचं उत्पन्न मानलं जाऊ शकतं. ऑनलाईन विकायचं तर जीएसटीचे नियमही बघावे लागतात. सुरू करण्याआधी एकदा सीएला विचारलेलं बरं.

शिवाय शेअर किंवा सोनं आज विकायचं म्हटलं तर आज विकता येतं. लेगोच्या बॉक्सला गिऱ्हाईक शोधावं लागतं. घरात अचानक दवाखान्याचा खर्च निघाला आणि पैसे बॉक्समध्ये अडकलेले असतील, तर मिळेल त्या भावाला विकावं लागतं.

भारतात हे जमतं का?

इथं गणित आणखी अवघड होतं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांच्या विक्रीसाठी आयएसआय खूण बंधनकारक झाली. याचा परिणाम असा की अमेरिकेत किंवा युरोपात सेलमध्ये जो सेट स्वस्तात मिळतो, तो इथं तसा मिळत नाही. खरेदीच महाग झाली तर नफ्याला जागा कुठं उरते?

'अमेरिकेतला दादा येताना बॅगेतून आणेल' हा मार्ग अनेक घरांत सुचतो. स्वतःसाठी एखादा सेट आणणं वेगळं. विकायला माल आणायचा तर सामानाची शुल्कमाफी त्यासाठी नसते, हे लक्षात ठेवा. आणि मोठ्या सेटचा बॉक्स दहा किलोंच्या वर जातो, त्यात अर्धी बॅग संपते. उलट, इथून परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायचं म्हटलं तर कुरिअरच नफा खातं. भारतात बंद, रिटायर झालेल्या सेटला चढी किंमत देणारे संग्राहक आहेत, पण त्यांचं वर्तुळ अजून लहान आहे.

नकली माल आणि चोऱ्या

जिथं पैसा तिथं नक्कल आलीच. चीनमधल्या 'लेपिन' या ब्रँडने लेगोचे सेट जसेच्या तसे उचलून स्वस्तात विकले. २०१९ मध्ये पोलिसांनी छापे टाकले आणि २०२० मध्ये शांघायच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला सहा वर्षांची कैद आणि ९ कोटी युआनचा दंड ठोठावला. खऱ्या लेगोच्या ठोकळ्यावर वरच्या प्रत्येक गोल उंचवट्यावर लेगोचं नाव कोरलेलं असतं. पण बंद बॉक्स घेताना ते बघता येत नाही. म्हणून फारच स्वस्त मिळतंय असं वाटलं की आधी थांबा.

चोऱ्यांचंही तसंच. जून २०२४ मध्ये अमेरिकेत लाँग बीच इथल्या एका घरातून पोलिसांनी चोरीचे २,८०० हून जास्त लेगो बॉक्स जप्त केले. आपला साठा रीलमध्ये दाखवण्याआधी हेही आठवा.

तर मग करायचं की नाही?

लेगो आवडत असेल, सेलमध्ये एखादा सेट मिळाला आणि एक स्वतःला, एक ठेवायला असे दोन घेतले, तर बिघडत काही नाही. भाव वाढला तर आनंद. नाही वाढला तर बॉक्स उघडा, भाचरांना बोलवा आणि रविवार मजेत घालवा. शेअर बुडाला तर असं काही करता येत नाही.

पण कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर किंवा एसआयपी थांबवून बॉक्स भरायचा विचार असेल, तर तो सोडा. त्या माणसाच्या रॅकवर किती बॉक्स आहेत हे रीलमध्ये दिसतं. त्यातले किती विकले गेले, हे दिसत नाही. लिंक मागण्याआधी त्याला कमेंटमध्ये तेवढं एक विचारून बघा.